नाणे ऐकणारे यंत्र

धातूची ओळख आवाजावरून पटवणारे भरवशाचे साधन डेव्हिड एडवर्ड ह्यूजेस यांनी १८७९ साली लंडनमध्ये विद्वानांपुढे मांडले. तारेच्या वेटोळ्यांच्या दोन सारख्या जोड्या, त्यांतून थांबत थांबत जाणारा विद्युतप्रवाह आणि कानाला लावलेला टेलिफोनचा रिसीव्हर, एवढाच त्याचा पसारा. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या की एकीचा परिणाम दुसरी पुसून टाकते आणि रिसीव्हर गप्प राहतो. एका बाजूला धातू ठेवला की तोल ढळतो आणि आवाज उमटतो. ह्यूजेस यांनी या विजेच्या तराजूत नाणीही ठेवून पाहिली. दोन्ही नाणी सारखी असतील तर शांतता. त्यांतले एक झिजलेले किंवा खोटे असेल तर लगेच कुरकुर. नाणे आणि हे तंत्र यांची गाठ अशी आरंभीच पडली. मात्र तेव्हा नाणे हातात होते. ते मातीत शोधण्याचे काम बऱ्याच उशिरा आले.

मधल्या काळात या तंत्राची पहिली जाहीर परीक्षा झाली आणि तिच्यात ते नापास ठरले. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी डॉक्टरांना सापडेना, तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ह्यूजेस यांच्याच तत्त्वावर एक यंत्र उभारले. यादवी युद्धातल्या गोळ्या अंगात घेऊन जगणाऱ्या माणसांवर त्यांनी ते पारखून घेतले होते. व्हाइट हाउसमध्ये मात्र यंत्र जिथे फिरवावे तिथे कुजबुजू लागले. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि मुख्य डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. शोधाची वस्तू आणि तिच्याभोवतीचा नको असलेला धातू यांतला फरक यंत्राला कसा कळावा, हा प्रश्न त्या खाटेपाशीच उभा राहिला होता. धातू शोधणाऱ्या यंत्रांमधल्या, म्हणजे डिटेक्टरमधल्या, पुढच्या बऱ्याच सुधारणा याच प्रश्नाभोवती फिरल्या आहेत.

विसाव्या शतकात यंत्र खाटेवरून जमिनीवर आले. जर्मनीहून अमेरिकेत गेलेले अभियंता गेऱ्हार्ड फिशर विमानांसाठी रेडिओवरून दिशा दाखवणारी उपकरणे करत. जवळपास धातू किंवा खनिजाचा साठा असला की दिशा चुकते, हे त्यांच्या लक्षात आले, आणि या चुकीलाच त्यांनी कामाला लावले. त्यांना १९३७ साली पेटंट मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सैन्यातले लेफ्टनंट युझेफ कोसाट्स्की यांनी भूसुरुंग शोधणारे, एका माणसाला वाहून नेता येईल असे यंत्र तयार केले. त्याचे वजन सुमारे १४ किलो होते. कोसाट्स्कींनी त्याचे पेटंट घेतले नाही. रचना ब्रिटिश सैन्याला देऊन टाकली. १९४२ च्या ऑक्टोबरात एल अलामेनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वाळवंटात वापरली गेली. काठीच्या टोकाला चकतीसारखी कॉइल, दुसऱ्या टोकाला हात, कानावर हेडफोन आणि डावीकडून उजवीकडे जमिनीलगतचा झाडू मारल्यासारखा फेरा: नाणे शोधणाऱ्याची आजची अंगस्थिती ही सुरुंग शोधणाऱ्या सैनिकाचीच आहे.

युद्ध संपले आणि लष्कराने काढून टाकलेली यंत्रे बाजारात आली. ती जड होती, पण जुनी गावे आणि ओसाड वसाहती धुंडाळणाऱ्यांना त्यांचा नाद लागला. ट्रान्झिस्टर आल्यावर यंत्र हलके झाले. अमेरिकेत व्हाइट्स, गॅरेट यांसारखे कारखाने निघाले. त्या पिढीतली बहुतेक यंत्रे दोन कंपनांच्या फरकावर चालत. आत एक स्थिर कंपन, कॉइलमध्ये दुसरे. खाली धातू आला की दुसरे किंचित सरकते आणि दोन्हींतल्या फरकाचा सूर हेडफोनमध्ये चढतो किंवा उतरतो. खिळा, डबा, नाणे, अंगठी, सगळ्यांना जवळपास तोच सूर. ओल्या किंवा लोहयुक्त मातीवर तर यंत्र धातू नसतानाही बोलत राही. तरीही सवयीचा कान त्या भुणभुणीतून नाण्याचा सूर वेगळा काढू लागला.

छंद म्हणून नाणेशोध फोफावला तो अमेरिकेत, आणि त्याला तिथल्या टांकसाळीचा एक निर्णय कारणीभूत होता. १९६४ पर्यंतच्या दहा सेंट, पाव डॉलर आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यांत ९० टक्के चांदी होती. १९६५ च्या कायद्याने पहिल्या दोन नाण्यांतून चांदी पूर्ण गेली आणि अर्ध्या डॉलरमध्ये ती ४० टक्क्यांवर आली. लोकांनी जुनी नाणी घरात ठेवून घेतली आणि चलनातून ती दिसेनाशी झाली. बागा, शाळांची मैदाने, जत्रेच्या जागा आणि समुद्रकिनारे इथे पूर्वी पडलेली नाणी मात्र तशीच मातीत होती. त्याच सुमारास पेयांच्या डब्यांना ओढून काढायची ॲल्युमिनियमची कडी आली आणि लोक ती काढून जागीच टाकू लागले. तांबे आणि निकेल यांचे पाच सेंटचे नाणे, सोन्याची बारीक अंगठी आणि ही कडी यंत्राला जवळजवळ एकसारखी ऐकू येतात. कडी नको म्हणून तो सूर बंद करावा, तर अंगठीही गेली. हा तिढा आजच्या महागड्या यंत्रांनाही पुरता सुटलेला नाही. त्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे.

कॉइलमधून बदलता प्रवाह सोडला की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते नाण्याला भिडले की नाण्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते. दुसरी कॉइल ते टिपते. चांदी आणि तांबे विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे त्यांच्यातले प्रवाह सावकाश विरतात आणि त्यांचे उत्तर अधिक मागाहून येते. पातळ पत्रा किंवा कमी वाहक मिश्रधातू लवकर शांत होतो. लोखंड वाहक असून चुंबकीयही आहे, म्हणून त्याची तऱ्हा वेगळी. पण उत्तर येण्यातला हा उशीर केवळ धातूवर ठरत नाही. आकार, जाडी आणि वस्तू आडवी आहे की कडेवर उभी आहे, यावरही तो अवलंबून असतो. त्यामुळे यंत्र ‘हे चांदीचे आहे’ असे कधीच सांगत नाही. अमुक इतक्या उशिराने उत्तर देणारे काहीतरी खाली आहे, एवढेच ते सांगते. बाकीचा निर्णय माणसाचा.

हा उशीर मोजून लोखंड आणि नाणी वेगळी करणारी, अत्यंत कमी वारंवारतेवर चालणारी यंत्रे १९७० च्या दशकात आली. मातीतल्या खनिजाचे उत्तरही त्यांनी वेगळे काढून रद्द करायला सुरुवात केली. दशकाच्या अखेरीस कॉइल हलती ठेवून लोखंड वगळण्याची पद्धत रुळली, आणि १९८० च्या दशकात वस्तूचा अंदाज काट्याने किंवा आकड्याने दाखवणारी यंत्रे विकली जाऊ लागली. सुराला आता आकड्याची जोड मिळाली. या आकड्यांचे एकच प्रमाण मात्र कधीच ठरले नाही. व्हाइट्सच्या बऱ्याच यंत्रांवर पाव डॉलर ८० च्या वर दाखवला जाई. मिनलॅबच्या २०१८ सालच्या इक्विनॉक्सवर तेच नाणे ३० च्या आसपास येते. वीस वर्षांचा पाठ एका खरेदीत निरुपयोगी होतो.

नवे यंत्र घेतल्यावर अनुभवी माणसेसुद्धा म्हणूनच थेट शेतात जात नाहीत. आधी चाचणीचा वाफा तयार होतो. धातूचा कचरा नसलेली जागा निवडून ओळखीची नाणी ५, १०, १५, २० सेंटिमीटरवर पुरायची, एखादे कडेवर उभे ठेवायचे, एखाद्याशेजारी गंजका खिळा घालायचा आणि त्यांवरून कॉइल पुन्हा पुन्हा फिरवायची. शिकण्याची पहिली गोष्ट म्हणजे फेऱ्याचा वेग. काही यंत्रांना सावकाश फेरा लागतो, काहींना चपळ. कॉइल जमिनीला समांतर आणि जवळजवळ टेकलेली हवी. फेऱ्याच्या दोन्ही टोकांना हात नकळत उचलला जातो आणि तिथली खोली हातची जाते. दुसरी गोष्ट सुराचा आकार. नाण्याचा सूर दोन्ही बाजूंनी सारखा, गोल आणि ठाम येतो. शोधणारा जागेवरच काटकोनात वळतो आणि तोच फेरा आडवा मारतो. नाणे तसेच बोलते. खिळ्याचा सूर तुटतो, सरकतो किंवा नाहीसा होतो. मोठे लोखंड, विशेषतः घोड्याचा नाल किंवा वॉशरसारखी चकती, चांदीइतका उंच सूर काढून भल्याभल्यांना फसवते. कॉइल थोडी वर उचलून पाहिल्यावरही सूर लांबरुंद राहिला, तर खाली मोठी वस्तू आहे असे समजायचे.

सर्वांत अवघड धडा लोखंडाचा आहे. नवशिक्याला वाटते, लोखंडाचा आवाज बंद केला की काम सोपे झाले. पण जुन्या गावठाणाच्या जागी मातीत खिळ्यांचा खच असतो. खिळ्यापाशी पडलेले नाणे खिळ्याच्या उत्तराखाली झाकले जाते, आणि लोखंड गप्प केलेले यंत्र दोघांनाही गप्प करते. म्हणून जाणकार लोखंडाला खर्जातला सूर देऊन तो ऐकत राहतात आणि त्या गुरगुरीत क्षणभर चमकून जाणारा वरचा स्वर शोधतात. इंग्लंडच्या शेतांत हा स्वर फार बारीक असतो. तिथे १२७९ च्या नाणेसुधारणेपर्यंत सुट्ट्या पैशांसाठी चांदीची पेनीच कापून अर्धी किंवा पाव केली जाई. असा पाव तुकडा जेमतेम तीन गुंजा वजनाचा भरतो. मातीने माखलेला तो नखाएवढा त्रिकोण डोळ्यांना दिसतच नाही. खोदलेल्या ढेकळाचे दोन भाग करून कोणता भाग बोलतो ते पाहायचे, त्याचे पुन्हा दोन भाग, असे करत तो मुठीत आणावा लागतो.

कमी वारंवारता जाड चांदीला चांगली पोहोचते, जास्त वारंवारता अशा बारीक तुकड्याला. एका वेळी एकच वारंवारता वापरणाऱ्या यंत्राला यांतले एक निवडावे लागे. ऑस्ट्रेलियाच्या मिनलॅबने १९९० च्या दशकारंभी सॉव्हरिनपासून अनेक वारंवारता एकत्र वापरायला सुरुवात केली आणि खाऱ्या ओल्या वाळूवरची शांतताही त्यातून साधली. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीच्या डीअसने वेगळी बाजू घेतली: एका वस्तूचे उत्तर देऊन झाल्यावर दुसरीसाठी मोकळे होण्यास लागणारा वेळ तिने कमी केला. खिळ्यांच्या खचात याचा मोठा उपयोग झाला. पूर्णपणे धुंडाळून झाली असे मानलेली शेते पुन्हा नाणी देऊ लागली. यंत्राच्या जाहिराती खोलीवर भर देत असल्या, तरी नाणेशोधात गेल्या तीस वर्षांतला खरा लाभ वेगळे करून ऐकण्याचा आहे. खोलीत फार थोडा फरक पडला.

महागडे यंत्र म्हणजे मोठा शोध, असेही समीकरण नाही. जुलै २००९ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये अँग्लो-सॅक्सन सोन्याचा सर्वांत मोठा साठा सापडला, तो अडीच पौंडांना घेतलेल्या जुन्या डिटेक्टरवर. पुढे त्याचे मूल्य ३२ लाख ८५ हजार पौंड ठरले. जर्सी बेटावर २०१२ साली सापडलेल्या सुमारे ७० हजार केल्टिक नाण्यांच्या ढिगामागे मात्र दोन माणसांचा तीस वर्षांचा पाठलाग होता.

ब्रिटनमध्ये हा छंद १९७० च्या दशकात पसरला. तेव्हा यंत्र बाळगायला रेडिओसारखाच सरकारी परवाना लागे. पुरातत्त्वज्ञ आणि डिटेक्टरवाले यांच्यात लवकरच वैर पेटले. १९७९ च्या कायद्याने संरक्षित स्थळांवर परवानगीशिवाय यंत्र वापरण्यास बंदी घातली. १९८० मध्ये ‘आमचा भूतकाळ नेणे थांबवा’ अशा अर्थाची मोहीम निघाली. पुरातत्त्वज्ञांचा राग समजण्यासारखा होता. मातीतून उपटलेले नाणे कोणत्या थरात, कशाशेजारी होते ते परत कधीच कळत नाही. पण सगळ्यांना चोर ठरवण्याने काही साधले नाही. नॉरफोकमधल्या संग्रहालयाने वेगळी वाट धरली. तिथल्या अधिकाऱ्यांनी शोधणाऱ्यांशी ओळख वाढवली, वस्तू आणून दाखवा, जागा सांगा, नोंद करून परत देतो, असा व्यवहार ठेवला. पुढे सगळ्या देशाने हाच मार्ग घेतला.

कायदा मात्र मध्ययुगीन होता. सापडलेले धन मुख्यतः सोन्याचे वा चांदीचे असेल आणि परत नेण्याच्या इराद्याने पुरलेले असेल, तरच ते राजाचे. लिंकनशायरमधल्या कोलबी इथे सापडलेल्या ७,८११ रोमन नाण्यांचा खटला १९८० च्या दशकारंभी न्यायालयात गेला. तिसऱ्या शतकात रोमन सम्राटांनी नाण्यातली चांदी इतकी कमी केली होती, की न्यायालयाने ती नाणी चांदीची मानलीच नाहीत. एवढा मोठा साठा कायद्याच्या बाहेर राहिला. त्यानंतर सरेमधल्या वॉनबरो इथल्या रोमन मंदिराची जागा रात्री-अपरात्री लुटली गेली. लोहयुगीन नाणी हजारोंनी बाजारात गेली. तिथल्या पुरातत्त्व मंडळाने कायदा बदलण्यासाठी चळवळ उभारली.

याच काळात सफोकमधल्या हॉक्सन गावी १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेलेल्या मित्राला चांदीचे चमचे, दागिने आणि नाणी लागली. थोडे काढल्यावर त्याने हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा रीतसर खणली. त्यामुळे सुमारे १५ हजार रोमन नाणी आणि इतर ऐवज लाकडी पेटीत कसा रचला होता, हेही समजले. १७ लाख ५० हजार पौंडांची ती संपत्ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातोडाही सापडला, तोही तिथेच ठेवला आहे.

१९९६ चा ट्रेझर ॲक्ट सप्टेंबर १९९७ पासून लागू झाला. तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोने किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र सापडली, तरी ती नोंदवणे बंधनकारक झाले. हलक्या धातूची असतील तर दहा नाण्यांपासून. चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचे, हा नियम झाला. कॉरोनर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईतही हे पद विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होते. संग्रहालयाने साठा घेतला, तर बाजारमूल्याचे बक्षीस साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले जाते. कायद्यात न बसणाऱ्या एकेकट्या नाण्यांसाठी स्वेच्छेने नोंद करण्याची योजनाही १९९७ मध्येच सुरू झाली. तिच्यातल्या नोंदी २०१४ पर्यंत दहा लाखांवर गेल्या. २०२३ पासून इतिहासदृष्ट्या महत्त्वाच्या, दोनशे वर्षांवरील धातूच्या वस्तूही कायद्याखाली आल्या, मग त्या कोणत्याही धातूच्या असोत.

नोंदीने काय साधते, ते २०१५ सालच्या दोन साठ्यांत दिसते. ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टन इथे सापडलेला नवव्या शतकातला नाण्यांचा साठा शोधणाऱ्याने कळवला. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा केओलवुल्फ दुसरा यांची एकाच छापाची नाणी त्यात मोठ्या संख्येने निघाली. केओलवुल्फला नंतरच्या इंग्रज बखरकारांनी व्हायकिंगांचा हस्तक म्हणून मोडीत काढले होते. नाणी सांगतात की तो आल्फ्रेडचा बरोबरीचा सोबती होता. त्याच वर्षी हेरफोर्डशायरमध्ये त्याच काळातला साठा दोघांनी लपवून विकायला काढला. सुमारे ३०० नाण्यांपैकी थोडीच परत मिळाली. २०१९ मध्ये दोघांना लांब मुदतीचा तुरुंगवास झाला. आल्फ्रेडच्या काळाबद्दल त्या उरलेल्या नाण्यांनी काय सांगितले असते, ते कायमचे गेले.

सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ २०१० साली सापडलेल्या मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी होती, वजन १६० किलो. शोधणारा खोदता खोदता मडक्याच्या काठाशी थांबला. पुरातत्त्वज्ञांनी ते थराथराने रिते केले, तेव्हा सर्वांत उशिराची, कॅरॉशियस या राज्यकर्त्याची नाणी बरीचशी मडक्याच्या तळाकडच्या अर्ध्यात निघाली. वर्षानुवर्षे भर घालत गेलेली ही शिल्लक असती, तर ती वर असायला हवी होती. साठा एकाच वेळी भरला, आणि कदाचित देवतेला अर्पण केला, असा तर्क त्यावरून मांडला गेला.

सगळे देश ब्रिटनच्या वाटेने गेले नाहीत. डेन्मार्कने शोधणाऱ्यांना जवळ केले. आयर्लंडने १९८७ मध्ये परवान्याशिवाय पुरावस्तूंसाठी यंत्र फिरवणे गुन्हा ठरवला, तर फ्रान्सने १९८९ मध्ये त्यासाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली. भारतात हा छंद असा कधी रुजला नाही. इथे डिटेक्टर लोकांना भेटतो तो मंदिराच्या आणि मॉलच्या दारात. साठे निघाले ते नांगराला आणि पाया खणताना, आणि त्यांचे मोलही ते एकत्र राहिल्यामुळेच कळले. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे क्षत्रप नहपानाची १३,२५० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या दोनतृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पाडाव करून सातवाहनांनी त्याचा पैसा आपल्या नावे चालवला, याचा यापेक्षा ठोस पुरावा नाही. त्यातली सुटी दहा-वीस नाणीच उरून बाकीची सराफाच्या मुशीत गेली असती, तर हे प्रमाण कुणालाच मांडता आले नसते. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडला, तर त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे.